‘गेलं’ की ‘घेतलं’? वंशभेदाच्या कविता पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

इंग्रजीच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी लँग्स्टन ह्यूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवीची ‘हार्लेम’ ही कविता साफ चुकीची वाचली, आणि चूक झाली ती घरच्या धंद्यामुळे. आमचं गाव तासगाव तालुक्यात. दोन एकर बाग आहे, द्राक्षाला भाव नसला की माल बेदाण्याला घालायचा. कवितेत कवी विचारतो, लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचं काय होतं? ते उन्हातल्या बेदाण्यासारखं सुकून जातं का? मी वहीत लिहिलं : द्राक्ष नासतं, बेदाणा वर्षभर टिकतो, म्हणजे स्वप्न उशिरा का होईना टिकून राहतं, कवी आशावादी आहे. मॅडमनी वही परत दिली तेव्हा समासात नुसतं एक प्रश्नचिन्ह होतं.

मार्चमध्ये घरी गेले तर शेडवर माल पसरायचं काम चाललेलं. क्रेटमधली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, निथळू द्यायची आणि जाळीच्या कप्प्यांवर एकेरी थरात पसरायची. घड एकावर एक पडले तर खालचा माल चिकट होतो. वर हिरवं कापड, बाजूला हिरवं कापड, वारा खेळता. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. हात चालू ठेवूनच मी वडिलांना ती ओळ सांगितली. ते म्हणाले, “उन्हात? उन्हात कुणी टाकला?”

आमच्याकडचा हिरवा बेदाणा सावलीत सुकतो. थेट ऊन लागलं की माल काळा पडतो आणि सौद्यात त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्यामुळे उन्हातला बेदाणा म्हटलं की वडिलांना आधी कुणाची तरी चूक दिसते. माल आपोआप उन्हात जात नाही.

नंतर शोधलं तर कळलं की अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या बागांत, बेदाणा उन्हातच वाळवतात. म्हणजे वडिलांचा अर्थ ह्यूजच्या मनात होता असं मी परीक्षेत लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. पण त्यांचा प्रश्न बरोबर जागी लागला होता. मूळ इंग्रजी कवितेत यासाठी ‘डिफर्ड’ असा एकच शब्द आहे. मराठीत आणताना आपल्याला निवड करावी लागते : लांबणीवर ‘पडलेलं’ स्वप्न की लांबणीवर ‘टाकलेलं’? ‘पडलेलं’ म्हटलं की कुणाचा दोष नाही. ‘टाकलेलं’ म्हटलं की टाकणारा कोण, हे विचारावंच लागतं. मी मनात ‘पडलेलं’ धरून बसले होते, म्हणून मला आशावाद दिसला.

‘टाकलेलं’ धरून पुन्हा वाचा. अकरा ओळींची कविता आहे. सुकणारा बेदाणा, चिघळणारं गळू, कुजलेलं मांस, पाकावर धरलेली साखर, खांद्यावरचं ओझं, आणि शेवटी तिरप्या अक्षरात एकच प्रश्न : की स्फोट होतो? कविता १९५१ ची. दक्षिणेतला जाच सोडून उत्तरेकडे आलेली कृष्णवर्णीय माणसं न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत दाटीवाटीनं राहत होती, आणि १९३५ व १९४३ साली तिथं दंगली उसळून गेल्या होत्या. शेवटचा प्रश्न कल्पनेतला नाही, हे या दोन सालांमुळे कळतं. माझ्या गाईडमध्ये ही सालं नव्हती. ‘कवी प्रभावी प्रतिमा वापरतो’ एवढं मात्र होतं.

तेव्हापासून मी कविता आधी मराठीत आणते. छापण्यासारखं भाषांतर नसतं ते, वहीपुरतं कच्चं असतं. मग क्रियापदांखाली रेघा मारते. गेलं की घेतलं, पडलं की टाकलं, हरवलं की हिसकावलं? वंशभेदाच्या आणि गेलेल्या सत्तेच्या कवितांमध्ये बहुतेक सगळं या फरकात असतं.

आता वोले शोयिंका या नायजेरियन कवींची ‘टेलिफोन कॉन्व्हर्सेशन’. अभ्यासक्रमात ती हमखास भेटते आणि सगळ्यांना ‘सोपी’ वाटते. एक आफ्रिकी माणूस इंग्लंडमध्ये भाड्याच्या खोलीसाठी फोन करतो. भाडं परवडणारं आहे, घरमालकीण तिथं राहत नाही. येऊन उगाच हेलपाटा नको म्हणून तो आधीच सांगतो की मी आफ्रिकी आहे. पलीकडे शांतता. मग प्रश्न येतो : किती काळे आहात?

इथं दोन गोष्टी मराठी माध्यमातून आलेल्यांना अडतात, मलाही अडल्या. पहिली म्हणजे मधेच येणारं बटन बी, बटन ए. मला वाटलं काहीतरी प्रतीक असेल. पण जुन्या ब्रिटिश सार्वजनिक फोनला ही दोन बटनं खरोखरच असत. नाणी टाकायची, पलीकडून कुणी बोललं की ‘ए’ दाबायचं, मग तुमचा आवाज तिकडे जायचा. फोन लागला नाही तर ‘बी’ दाबून पैसे परत घ्यायचे. तो प्रश्न ऐकल्यावर त्याची नजर त्या बटनांवर खिळते आणि मनात पहिल्यांदा येतं ते ‘बी’. म्हणजे बोलणं सोडून निघून जाण्याचं. मला आधी हे माहीत असतं तर त्या दोन शब्दांवर मी पंधरा दिवस घालवले नसते. तेव्हा प्रतीक शोधण्याआधी वस्तू शोधा. ती काय होती, कशी चालायची, कुणाच्या हातात असायची.

दुसरी गोष्ट मोठ्या अक्षरांची. घरमालकिणीचे प्रश्न कॅपिटलमध्ये छापलेत. देवनागरीत लहान-मोठी अशी वेगळी अक्षरं नाहीत, त्यामुळे आपल्या डोळ्यांना ती सवयच नाही. मी ते नुसतं छपाईचं वळण समजून पुढे गेले होते. ते छपाईचं वळण नव्हे, तो आवाज आहे. फोनच्या बूथमध्ये एकट्या उभ्या माणसाच्या कानात भरणारा आवाज. कविता मोठ्यानं वाचलीत तर लगेच कळेल.

आणि एक कायद्याची गोष्ट. रंगावरून खोली नाकारणं ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्यानं बेकायदेशीर ठरलं. त्याआधीच्या, १९६५ च्या कायद्यात घरभाडं आलंच नव्हतं. शोयिंका लीड्सला शिकायला गेले ते १९५४ मध्ये. ती बाई नियम मोडत नव्हती, तिच्या लेखी ती सभ्यपणे चौकशी करत होती. कविता खरी बोचते ती तिथं.

ही कविता मला समजली ती मात्र वर्गात नाही, सांगलीच्या विश्रामबागेत खोली शोधताना. मी आणि माझी मैत्रीण, दोघी एकाच वर्गातल्या. पाटी वाचून तिनं फोन केला. खोली आहे, पाणी दोन वेळ येतं, मुलीच हव्यात, सगळं ठरलं. मग पलीकडून अगदी गोड आवाजात : “आडनाव काय म्हणालीस बाळ?” तिनं सांगितलं. “म्हणजे तुम्ही कुणापैकी?” तिनं तेही सांगितलं. थोडं थांबून उत्तर आलं की खोली कालच एकांना शब्द दिलाय, विसरलेच बघ. संध्याकाळी मी माझ्या फोनवरून विचारलं तर खोली होती. मी ती घेतली नाही. पण त्या बाईंना काही बोललेही नाही, आणि ते अजून मला टोचतं.

वर्गात चर्चा झाली तेव्हा मैत्रीण म्हणाली, “कवितेतला माणूस शेवटी चेहरा, तळहात, तळपाय असे रंग मोजून दाखवतो, बाईला निरुत्तर करतो. मला त्या वेळी फक्त ‘बरं’ म्हणता आलं.” परीक्षेच्या उत्तरात कवितेतल्या उपरोधाचं कौतुक सगळेच करतात. तो उपरोध प्रत्यक्षात किती महाग असतो, हे तिच्याइतकं नेमकं मला कुठल्या टीकालेखात सापडलं नाही.

तरी एक सावधगिरी, आणि ती मी कळकळीनं सांगते. वंश म्हणजे जात नव्हे. कवितेत फोनवर रंग दिसत नाही म्हणून प्रश्न येतो, समोर गेल्यावर विचारावंच लागलं नसतं. जात समोर बसूनही दिसत नाही, ती आडनावातून, गावातून, पाहुण्यांतून काढली जाते. गुलामगिरीचा इतिहास वेगळा, अस्पृश्यतेचा वेगळा. आपल्या अनुभवाच्या दारानं कवितेत शिरा, पण आत गेल्यावर तिथलं घर नीट बघा. तुलना करायला आपल्याकडे भक्कम आधार आहेत. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९७२ च्या दलित पँथरचं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच आलं. म्हणजे हा धागा आपण आज ओढूनताणून जोडत नाही आहोत.

काउंटी कलन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवीची ‘इन्सिडेंट’ ही कविता छोटी आहे, बारा ओळींची, १९२५ च्या संग्रहातली. आठ वर्षांचा मुलगा आनंदात बाल्टिमोरला जातो, तिथलाच एक त्याच्याएवढा मुलगा त्याला वंशवाचक शिवी देतो. मे ते डिसेंबर तो तिथं राहतो, पण नंतर त्याला तेवढंच आठवतं. चाल बालगीतासारखी आहे, ती मुद्दाम ठेवलीय. (ती शिवी उत्तरपत्रिकेत लिहायची नाही. ‘वंशवाचक शिवी’ एवढं पुरतं.) ही कविता मी सांगली-सातारा पॅसेंजरमध्ये वाचली. कराडच्या पुढे मसूर स्टेशन लागतं. १९०१ च्या सुमारास नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर, भाऊ आणि भाच्यांबरोबर, खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे जायला साताऱ्याहून निघाले आणि इथं उतरले. स्टेशनमास्तरनं चांगले कपडे घातलेली पोरं बघून आपुलकीनं चौकशी केली, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला शेवटी दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही पोरांनीच गाडी हाकायची, तो बाजूनं चालणार. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींमध्ये स्वतः लिहिलंय. गाडी मसूरला दोन मिनिटं थांबली. मी पुस्तक मिटून फलाट बघत बसले.

गेलेल्या सत्तेच्या कविता मला जास्त जड गेल्या. कारण सातारा-सांगलीच्या मातीत सत्ता गेल्याची हळहळ लहानपणापासून ऐकलेली असते. साताऱ्यात मावशीच्या गच्चीवरून अजिंक्यतारा किल्ला दिसतो. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथं झगडत राहिले. तेवढ्यात १८४८ ला डलहौसीनं दत्तक नाकारून राज्य खालसाही केलं. आपण म्हणताना म्हणतो ‘राज्य गेलं’. पण ‘खालसा केलं’ हा शब्द बघा, त्यात कर्ता लपत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून मी डेरेक वॉलकॉटची ‘रुइन्स ऑफ अ ग्रेट हाउस’ वाचली. कॅरिबियनमधला मळेवाल्या गोऱ्या साहेबाचा पडका वाडा, विखुरलेले दगड, लिंबांचा कुजका वास. मला वाईट वाटलं, पडक्या वाड्यात वाटतं तसं. मॅडमनी एवढंच विचारलं, “या वाड्यात तुझी पणजी कुठल्या दारानं आत गेली असती?”

“मागच्या. परड्यातून.”

मैत्रीण म्हणाली, “माझी आतच गेली नसती.”

आणि कविता उघडली. बोलणारा त्या वाड्याचा वारस नाही. वॉलकॉट सेंट लुशिया बेटावरचे, दोन्ही आज्या गुलामांच्या वंशातल्या आणि दोन्ही आजोबा गोरे. गुलाम सडून गेलेलं तळं त्याला दिसतं आणि तो संतापतो. पण ज्या भाषेत तो संतापतो ती त्याच मालकांच्या कवींची. मग त्याला आठवतं की इंग्लंडसुद्धा कधीकाळी वसाहतच होतं. शेवट करुणेवर होतो, आणि मनानं ठरवलं होतं ते हे नव्हतं, असं तो स्वतःच कबूल करतो. इथं ‘साम्राज्याचा निषेध’ एवढं लिहून सुटू नका. सत्ता कुणाची गेली आणि ती गेल्यानं कुणाचं काय परत आलं, हे दोन्ही लिहा. माझं मत विचाराल तर या विषयावरची सगळ्यात प्रामाणिक कविता हीच.

ताटामखुलू आफ्रिका या दक्षिण आफ्रिकेतल्या कवीची ‘नथिंग्ज चेंज्ड’ वाचाल तेव्हा केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सचा इतिहास आधी बघा : १९६६ मध्ये ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि साठ हजारांहून जास्त लोक हलवले गेले. कवितेतली ‘बनी चाऊ’ म्हणजे पावाचा गर काढून त्यात भरलेला रस्सा, डर्बनच्या भारतीयांचा पदार्थ. सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना कवी-कविता-साल जुळवायचे प्रश्न येतात, त्यासाठी वेगळी वही करा. ती वही आणि कवितेची वही एक करू नका.

आता शनिवारी दुपारी आम्ही पाच-सहा जणी बसतो. नवीन मुलींना पहिलं काम तेच : मराठीत आणा, क्रियापदाखाली रेघ मारा. मागच्या शनिवारी एकीनं शोयिंकांची कविता आणली होती. घरमालकिणीचं ओरडणं देवनागरीत कसं दाखवायचं म्हणून तिनं त्या ओळी पानाच्या मधोमध, जाड पेनानं लिहिल्या होत्या. मोठ्यानं वाचायला मैत्रिणीकडे दिल्या. तिनं त्या अगदी हळू, गोड आवाजात वाचल्या. आम्ही तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, “माझ्याशी असंच बोलल्या होत्या.”