‘आपण सारे जोडलेले आहोत’ या विषयावर सामूहिक मनन कसे घ्यावे

या विषयावर मनन घ्यायला सांगितले की बहुतेक जण थेट बायबलमधला 1 करिंथ 12 (प्रेषित पौलाच्या पत्रातला अध्याय) उघडतात. उतारा उत्तम आहे, पण विषयाला अर्धाच पुरतो. एक शरीर, अनेक अवयव ही गोष्ट पौल मंडळीला, म्हणजे ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतलेल्यांना सांगतो. सगळ्या माणसांच्या नात्याचा पाया उत्पत्ती 1:27 मध्ये आहे: माणूस देवाच्या प्रतिरूपाचा. आणि प्रेषितांची कृत्ये 17:26 मध्ये पौल अथेन्सला अरीयपगात, म्हणजे तिथल्या सभेत, उभा राहून सांगतो की देवाने एका माणसापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली. तिथले श्रोते ख्रिस्ती नव्हते, म्हणूनच दोन वचने पुढे तो त्यांच्याच कवींचा दाखला देतो. हे दोन धागे एकमेकांत अडकवले की बाहेरून आलेल्या माणसाला आपल्याला न विचारताच सभासद करून टाकल्यासारखे वाटते, आणि एकमेकांना तुच्छ लेखणाऱ्या मंडळीवर पौल ठेवतो तो ठपका मंडळीलाही ऐकू येत नाही. दोन्हींचा क्रम हवा असेल तर गलती 6:10 घ्या: सर्वांचे बरे करा, विशेषतः विश्वासाने एका घराण्यात असलेल्यांचे.

ख्रिस्ती आणि इतर अशा मिश्र बैठकीसाठी लूक 10:25–37 हा उतारा घ्यावा. त्यात नियमशास्त्राचा जाणकार असलेला एक शास्त्री ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारतो, आणि येशू लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूची गोष्ट सांगतो: याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) त्याला टाळून जातात, आणि यहुद्यांना परका असलेला शोमरोनी मदत करतो. 8 ते 12 माणसे आणि 45 मिनिटे. त्याहून जास्त माणसे असतील तर दोन गट करा, नाहीतर तिघे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. प्रत्येकाला उताऱ्याची छापील प्रत, एक कोरा कागद आणि पेन्सिल द्या. मोबाइलवर वाचू दिले की पाचव्या मिनिटाला कुणीतरी संदेश बघत असतो. खुर्च्या गोलात मांडा. चालवणाऱ्यानेही त्याच गोलात बसावे.

वाचन दोनदा करा, दोन वेगळ्या आवाजांत. पहिले सलग. दुसऱ्या वाचनाआधी एवढेच सांगा: “या वेळी वाटसरूसाठी कोणी काय केले, त्या क्रियापदांखाली रेघ मारा.” कागदावर मग दिसते की याजक आणि लेवी यांच्या वाट्याला बघणे आणि बाजूने निघून जाणे एवढेच येते. शोमरोन्याची यादी लांबत जाते. तो जवळ जातो, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, सांभाळ करतो, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून देतो. एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची दिवसभराची मजुरी (मत्तय 20:2). म्हणजे दोन दिवसांची मजुरी, वर जास्तीचा खर्च परत येताना फेडण्याचा शब्द.

वाचनानंतर तीन मिनिटे शांतता. घड्याळ लावूनच. नवखा चालवणारा अर्ध्या मिनिटातच अस्वस्थ होऊन बोलू लागतो, आणि नेमके तेव्हाच लोकांचे मन उताऱ्यावर स्थिर होऊ लागलेले असते.

चर्चेला 15 मिनिटे आणि दोनच प्रश्न. पहिला: शास्त्र्याने 29व्या वचनात काय विचारले आणि येशूने 36व्यात काय विचारले, यात फरक कोणता? शास्त्र्याला शेजारी कोण ते जाणून घ्यायचे आहे, म्हणजे कुंपण कुठे घालायचे ते कळेल. येशू विचारतो की शेजारी झाला कोण. याचे उत्तर चालवणाऱ्याने देऊन टाकू नये. दुसरा: उतारशाळेच्या मालकाचे या गोष्टीत काम काय? याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते, पण विषयाचा गाभा इथे आहे. शोमरोनी सगळे एकट्याने करत नाही. जमेल तेवढे करून तो काम दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि आपल्या वाटेला लागतो. जोडलेले असणे म्हणजे सगळ्या जगाचा भार आपल्या पाठीवर घेणे, असे समजून थकून गेलेल्यांना हे वचन फार उपयोगी पडते.

इथे एक चूक नेहमी होते: याजक व लेवी यांच्यावरून यहुदी धर्मालाच निष्ठुर ठरवले जाते. चर्चा तिकडे वळली तर लगेच थांबवा. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा लेवीय 19:18 मधलीच आहे, आणि या संवादात ती आधी म्हणून दाखवतो तो यहुदी शास्त्रीच. सगळी माणसे जोडलेली आहेत असे शिकवताना एका समाजाला बाहेर काढायचे, याहून उलटे काय असेल?

यानंतर 10 मिनिटांचा कागदावरचा सराव. प्रत्येकाने अंगातला शर्ट किंवा ओढणी अशी एक वस्तू निवडून ती आपल्यापर्यंत किती हातांतून आली ते उलट क्रमाने लिहायचे: दुकानदार, गाडीचालक, हमाल, शिंपी, रंगारी, सूत कातणारा, कापूस वेचणारी. आता ज्यांचे नाव ठाऊक आहे त्यांच्यापुढे नाव लिहा. बहुतेक कागदांवर एकही नाव येत नाही. समजावत बसू नका. याकोब 5:4 वाचा, जिथे कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. हे वचन गाळले तर सराव ‘किती छान, सगळे एकमेकांना मदत करतात’ इथेच संपतो. नाते अन्यायाचेही असते, आणि काइनाला ‘तुझा भाऊ कोठे आहे?’ हा प्रश्न अशाच नात्याबद्दल विचारला गेला होता (उत्पत्ती 4:9).

शेवटी मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायची प्रार्थना, 10 मिनिटे. 1 तीमथ्य 2:1 सर्व माणसांसाठी विनंत्या करायला सांगते. पण ‘सर्व’ म्हटले की शब्द पातळ होतात. “प्रभू, जगातल्या सर्व दुःखितांना शांती दे” यावर सगळे आमेन म्हणतात आणि कुणाच्याही डोळ्यांपुढे कोणी येत नाही. त्याऐवजी असे म्हणा: “आज रात्रपाळीला वॉर्डात एकट्या असलेल्या परिचारिकेसाठी, तिला बसायला दहा मिनिटे मिळोत, आणि तिच्या मुलांपाशी आज कोणी असो.” एका विनंतीत एक माणूस, एक गरज, दोन वाक्ये. अशा पाच-सहा पुरेत. त्यांत एक आपल्या मंडळीबाहेरच्या माणसासाठी आणि एक ज्याच्याशी वैर आहे त्याच्यासाठी असावी (मत्तय 5:44).

प्रार्थनेत दोन गोष्टी नकळत शिरतात. एक, चुगली: ‘प्रभू, अमक्याच्या घरात काय चालले आहे ते तू जाणतोस’ म्हणताना सगळ्या खोलीलाही ते कळते. आजार, कर्ज, घरातला वाद यांबद्दल त्या माणसाला आधी विचारल्याशिवाय नाव घेऊ नये. दोन, प्रवचन: प्रार्थना देवाशी सुरू होते आणि समोरच्या एकाला सुनावत संपते.

आणखी एक गोष्ट चालवणाऱ्याने आधीच मनाशी पक्की करावी. गटात कुणी मार खाल्लेले, छळ सोसलेले असू शकते. ‘आपण सारे एक, मग समेट कर’ असा आग्रह त्यांना होता कामा नये. वैऱ्यासाठी प्रार्थना करणे आणि त्याच्या हाती पुन्हा सापडणे यांत फरक आहे, आणि तो मोठ्याने सांगावा लागतो.

सगळ्यात शेवटी, आमेन म्हणण्याआधी, प्रत्येकाने कागदाच्या तळाशी एक नाव आणि आठवड्यात करायचे एक काम लिहायचे: फोन, भेट, थकलेली मजुरी चुकवणे. वाचून दाखवायची सक्ती नको, कागद घरी न्यायचा. पुढच्या बैठकीत पहिली पाच मिनिटे त्यासाठी ठेवा. झाले नसेल तर कारण विचारू नका, काम अर्ध्यावर आणा: भेट जमली नसेल तर फोन, फोन जमला नसेल तर दोन ओळींचा संदेश.