रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी: वॉर्डातील परिचारिकेची तयारीची यादी

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या सीपीआरमध्ये, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडचे रुग्णही येतात, आणि घरी गेल्यावर एखादी शंका विचारायला पुन्हा येणे त्यांना सोपे नसते. म्हणून घरी सोडण्याची तयारी डिस्चार्जच्या सकाळी नव्हे, तर रुग्ण दाखल होतो त्याच दिवशी सुरू करावी. घरी रुग्णाचे कोण करणार, हे तेव्हाच विचारून नोंदवावे. खाटेशेजारी बसणारा मुलगा असतो, पण इन्सुलिन पुष्कळदा सुनेला द्यावे लागते, तेव्हा शिकवण्याच्या वेळी तिला बोलावून घ्यावे.

सर्वांत जास्त वेळ औषधांना द्यावा. दाखल होण्यापूर्वीची, वॉर्डातील आणि डिस्चार्ज कार्डावरील औषधे एकमेकांशी ताडून पाहावीत. घरच्या पिशवीतील जुनी गोळी आणि कार्डावरील नवी गोळी नावाने वेगळी, पण घटकाने एकच असू शकते. दोन्ही घेतल्या गेल्या तर मात्रा दुप्पट होते. अशी जोडी आढळल्यास डॉक्टरांना दाखवून, जुनी गोळी थांबवायची असेल तर तसे कार्डावरच लिहून घ्यावे. इन्सुलिनच्या बाटलीवरील आकडा आणि सिरिंज जुळतात का, हे स्वतः पाहावे: दर मिलीला 40 युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, 100 युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी, फ्रीजरमध्ये कधीही नाही. ‘कळलं का?’ असे विचारले की ‘हो’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘ताई, आता तुम्ही भरून दाखवा’ असे म्हणावे.

कोणत्या लक्षणांवर 108 ला फोन करायचा, हे सोप्या मराठीत लिहून द्यावे. न आलेले तपासणी अहवाल कोण घेणार, तेही ठरवावे. लघवीची नळी किंवा जखम असेल, तर नळी घातल्याची तारीख आणि पुढच्या ड्रेसिंगचा दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राला व गावच्या आशाताईंना फोनवर कळवावा. चिठ्ठी रुग्णाच्या पिशवीतच राहून जाते. दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना शेवटचा डोस किती वाजता दिला आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे तिथल्या सिस्टरला आधी तोंडी सांगावे, मग कागद द्यावेत.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगेच्या पाण्याने रस्ते बंद झाले होते, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये डॉक्टरांच्या संमतीने काही दिवसांची जादा औषधे द्यावीत, आणि डायलिसिसच्या रुग्णाला पुराचे पाणी न ओलांडता गाठता येईल असे केंद्र आधीच ठरवून द्यावे.