सूडाचं भूत लिहिताय? सोलापुरात शूट करताना या चुका टाळा

सोलापुरात हॉरर शॉर्टफिल्म करणारी पोरं आता बरीच आहेत, मोबाईल आहे, मित्र आहेत, रात्रभर जागायची तयारी आहे. तरी सूडाने पेटलेलं भूत पडद्यावर आलं की पब्लिक हसतं, आणि मग मेकअप नाहीतर कॅमेऱ्यावर खापर फुटतं. बहुतेक वेळा गडबड कथेतच असते. ही बाई कशी मेली, कुणामुळे मेली, कोण बघून गप्प बसलं, हे लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं.

भूत दिसतंय, पण भीती वाटत नाही

पांढरी साडी, मोकळे केस, लाल डोळे. हे सगळं दुसऱ्याच्या भुताचं सामान आहे, तुमच्या भुताचं काय? १९९२ सालचा 'कँडीमॅन' हा हॉलिवूडचा हॉरर सिनेमा बघा, त्यातलं भूत म्हणजे कँडीमॅन. तो गुलामाचा मुलगा, चांगला चित्रकार, जमीनदाराच्या गोऱ्या मुलीवर प्रेम बसलं म्हणून जमावाने त्याचा हात करवतीने कापला, अंगाला मध फासला, मधमाश्यांनी डसून डसून मारलं आणि त्याची राख जिथं उधळली तिथं पुढं शिकागोची कॅब्रिनी-ग्रीन वसाहत उभी राहिली. म्हणून त्याच्या मनगटाला हाताच्या जागी हुक आहे, म्हणून अंगातून मधमाश्या निघतात, म्हणून तो त्याच वस्तीत फिरतो. एकही वस्तू दिग्दर्शकाने नुसती भारी दिसते म्हणून घातलेली नाही, सगळं त्याच्या मरणातून आलंय. आणि मूळ गोष्ट लिव्हरपूलची होती बरं का, सिनेमा करताना ती शिकागोला नेली तेव्हा तिथल्या वस्तीचं दुखणं तिच्यात आणलं.

विहीर उचलली, गोष्ट राहिली

जपानी भुतांची कॉपी करताना सगळे विहिरीवर जातात. ओकिकूची दंतकथा काय आहे? दहा थाळ्यांतली एक हरवली म्हणून मोलकरणीला मारून विहिरीत टाकलं, आणि रात्री ती एक ते नऊ मोजते आणि किंकाळी फोडते. भीती त्या मोजण्यात आहे, पाण्यात नाही.

आता हे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत आणून बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, मान खाली घालून विड्या वळणारी बाई. मजुरी हजार विड्यांवर, आणि माल द्यायला गेलं की खराब म्हणून काढलेली छाट, तिचे पैसे नाहीत. अशी एखादी बाई मेल्यावरही मोजतेय, तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू, आणि हजार काही भरत नाहीत. तिला पांढरी साडी कशाला पाहिजे? बोटाला गुंडाळलेला दोरा दाखवा, तेवढ्यात अंगावर काटा येतो.

भाषेचंही तेच. इथं एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी चालते, आणि शॉर्टफिल्ममधली पोरं मात्र घाबरली की पुस्तकी मराठी बोलायला लागतात. "कोण हाय बे तिकडं" असं म्हणू द्या की त्यांना!

भूत काहीही करू शकतं

मग प्रेक्षकाने घाबरायचं कधी? नियम पाहिजे. हाकामारी दारात येऊन हाक मारते, ओ दिली की संपलं. शेजारच्या कर्नाटकात १९९० च्या दशकात अफवा होती की रात्री ओळखीच्या आवाजात दार वाजतं, तेव्हा लोकांनी दारावर 'नाळे बा' म्हणजे उद्या ये असं लिहून ठेवलं होतं. कँडीमॅनचं नाव आरशासमोर पाच वेळा घ्यायचं. नियम साधा असला की बघणारा स्वतःच मोजायला लागतो, चार झाले, आता पाचवं घेतो की काय. तुमच्या कथेत नियम एका वाक्यात सांगता येत नसेल तर शूट पुढं ढकला.

मोठा आवाज टाकला तरी काम होईना

पूर्व भागात रात्री यंत्रमागाचा खडखडाट असतो, त्यात वाढलेल्या माणसाला आवाजाने काय होणार. माग चालू ठेवा, सीनभर तोच आवाज राहू द्या, आणि धोट्याचा दोरा तुटून एक माग थांबला, मग दुसरा, मग तिसरा, असं करत सगळं चिडीचूप झालं की बघा.

सूड कुणावर, तेच कळत नाही

पहिल्या दहा मिनिटांत चार मित्र मेले, त्यांचा काही संबंध नव्हता. आधी खरा गुन्हेगार दाखवा, त्याला शिक्षा होऊ द्या, प्रेक्षक मनातून भुताच्या बाजूने झाला पाहिजे. मग तिने ज्याचा दोष नाही त्याच्याकडे मान वळवावी. व्हिलन तिथं तयार होतो, त्याआधी ती नुसती पीडित बाई असते.

'सत्य घटनेवर आधारित' टाकू नका

खरी मिल, खरं वसतिगृह, खऱ्या कुटुंबातला मृत्यू घेऊन 'इथं भूत आहे' अशी रील फिरवणं फार वाईट. त्या घरातली माणसं तिथंच राहतात, आणि आपल्याकडे अंगात आलंय म्हणून बायकांना अजून मारहाण होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे मांत्रिक येऊन झोडपतो आणि सगळं नीट होतं असा शेवट तर अजिबात नको. पेठेचं नाव बदला, घर बनावट ठेवा, आणि कथा काल्पनिक आहे हे सुरुवातीलाच वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात टाका.