घरच्या घरी तैलरंग: एका पांढऱ्या कपापासून सुरुवात

तैलरंग वाळता वाळत नाहीत, म्हणून बरेच जण त्यांच्या वाटेला जात नाहीत. माझं मत नेमकं उलटं आहे. नवशिक्याला सगळ्यात सांभाळून घेणारं माध्यम हेच, आणि तेही याच कारणामुळे. जलरंग कागदाने एकदा पिऊन टाकला की पुरता परत मिळत नाही. तैलरंगात कपाचा कान वाकडा आला तर कापडाने पुसायचा आणि पुन्हा काढायचा. आज नाही जमला तर उद्या सकाळीही तो बहुतेक ओलाच असतो.

या रंगात रंगद्रव्य तेलात, बहुधा जवसाच्या तेलात, घोटलेलं असतं. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. प्रत्येक रंगाचा वेगही वेगळा. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात मँगॅनीज असल्यामुळे त्याचा पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, तर ॲलिझरीन क्रिमझन हा गडद लाल आठवडाभर किंवा त्याहून जास्त चिकट राहू शकतो.

सामान घेताना चोवीस ट्यूबांच्या पेटीचा मोह टाळा. त्यातल्या निम्म्या ट्यूबा झाकण चिकटून बसल्यावरच आठवतात. टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब घ्या, कारण पांढरा सगळ्यात आधी संपतो. सोबत बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, एक पिवळा आणि एक लाल. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळले की जो काळा तयार होतो, तो हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो.

राठ केसांचे दोन चपटे ब्रश, मऊ केसांचा एक गोल ब्रश, एक पॅलेट नाइफ आणि जवसाच्या तेलाची छोटी बाटली एवढ्यावर महिनोन् महिने भागतं. रंग मिसळायचं पॅलेट म्हणून काचेचा तुकडा उत्तम. खाली करडा कागद ठेवला की रंगाची छटा नीट कळते. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावायला मात्र विसरू नका.

रंगवायला अस्तर दिलेला कॅनव्हास बोर्ड घ्या, दहा-बारा इंचांचा पुरे. जाड कागदावर जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिले तरी सरावाला चालतो. कोऱ्या कापडावर थेट रंगवू नका. तेल धाग्यांत मुरतं आणि वर्षानुवर्षांत कापड कुजवतं.

आता एक पांढरा कप खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूने येईल असा. पहिल्या दिवशी रंगाचं नाव काढायचं नाही, फक्त बर्न्ट अंबर. तो थोड्या टर्पेंटाइनने, म्हणजे तैलरंग पातळ करणाऱ्या द्रावणाने, पातळ करून सगळ्या बोर्डावर कापडाने फासा. मग डोळे किलकिले करून कपाकडे बघा. बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. उजेड असेल तिथला रंग कापडाने पुसून काढा, अंधार असेल तिथे आणखी अंबर लावा. अर्ध्या तासात तपकिरी धुक्यातून कप वर येतो. पहिल्यांदा हे घडताना बघण्यात जी मजा आहे, तिच्यासाठी एवढा खटाटोप करायला हरकत नाही.

दोन-तीन दिवसांनी, थर वाळला की, त्यावर रंग. इथे कळतं की पांढऱ्या कपात पांढरा जवळपास नसतोच. सावलीची बाजू निळसर करडी असते; खाली, टेबलाच्या बाजूला, लाकडाचा पिवळसर तांबूस उजेड कपावर परतलेला असतो. कप टेबलाला टेकतो तिथे एक बारीक, गडद रेघ असते. ती नसेल तर कप तरंगतो. या छटा पॅलेट नाइफने आधी काचेवर मिसळून घ्या, मग लावा. एक फटका मारला की हात उचला. तिथेच घोळत राहिलात की ओले रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. निव्वळ पांढरा सर्वांत शेवटी, काठावरच्या चमकेसाठी, एकाच जाड ठिपक्यात.

थर चढवताना एक नियम पाळायचा: खाली पातळ, वर तेलकट. म्हणजे पहिल्या थरात टर्पेंटाइन, वरच्या थरांत थेंब थेंब तेल वाढवत न्यायचं. तेलकट थर सावकाश वाळतो, वाळतानाही हलत असतो. त्यावर झटपट वाळणारा पातळ थर बसवला तर तो तडकतो. मी हे वाचलं होतं, आणि तरीही चित्रातल्या एका पिवळ्याजर्द, तेलाने माखलेल्या भिंतीवर घाईघाईने पातळ सावली ओढली. काही महिन्यांनी त्या सावलीला कोरड्या तळ्यासारख्या भेगा पडल्या.

टर्पेंटाइनची वाफ बाधते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. वास कमी असलेलं द्रावण मिळतं, पण वास नाही म्हणजे वाफ नाही असं समजू नका. सोसत नसेल तर पहिला थर रंग नुसताच कोरडा घासून द्या आणि ब्रश तेलाने पुसून साबणाने धुवा; द्रावणावाचून काही अडत नाही. रंगाच्या हाताने मात्र काही खाऊ नका.

बरणीतलं मळलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका. झाकून ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ द्रावण पुन्हा वापरता येतं. ब्रश आधी कापडाने निपटून घ्या, मग साबणाने तळहातावर घोळवा, फेस पांढरा येईपर्यंत.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या घराबाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

वॉर्निशची घाई नको. पातळ चित्रालाही सहा महिने द्या, जाड रंगाला वर्ष. तोवर ते अंधाऱ्या कपाटात कोंडू नका, कारण अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. मुदत संपली की कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये जरासा भिजवून एका कोपऱ्यावर हलकेच फिरवा. कापसाला रंग लागला, तर चित्र परत भिंतीवर लावा आणि आणखी महिना-दोन महिने थांबा.