वळणावर आपली लेन आणि लेनमधली आपली जागा

दोन वाहनांची समोरासमोर धडक होते तेव्हा त्यांपैकी निदान एक तरी आपली लेन सोडून दुसऱ्याच्या लेनमध्ये आलेले असते. सरळ रस्त्यावर हे बहुधा ओव्हरटेक करताना घडते. वळणावर मात्र ओव्हरटेक न करताही घडते, आणि पुष्कळदा चालकाला आपण रेषा ओलांडली आहे याची जाणीवही नसते. म्हणून वळणाचा रस्ता चालवायला शिकताना पहिला अभ्यास वेगाचा किंवा स्टिअरिंगच्या सफाईचा न करता, आपली गाडी या क्षणी लेनमध्ये नेमकी कुठे आहे हे ओळखण्याचा करावा. (येथील डावे-उजवे डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या रस्त्यांना धरून आहे, उजव्या बाजूच्या वाहतुकीत ते उलट समजावे.)

मधली रेषा ओलांडली जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या वेगवेगळ्या वळणांवर दिसतात. उजव्या वळणावर आपली लेन बाहेरच्या अंगाला असते. तिथे अंतर वाचवण्यासाठी किंवा वेग कमी करावा लागू नये म्हणून चालक आतल्या बाजूला सरकतो आणि वळण कापतो. डाव्या वळणावर आपली लेन आतल्या अंगाला असते. तिथे वेग जास्त असेल, तर मनात नसतानाही गाडी बाहेर, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये, सरकत जाते. पहिली चूक सवयीची आणि दुसरी वेगाची आहे, त्यामुळे दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

सवय मोडण्यासाठी एक साधा नियम स्वतःला घालून घ्यावा: रस्ता पूर्ण रिकामा दिसत असला तरी वळण कापायचे नाही. रिकामा दिसतो म्हणून कापलेली शंभर वळणे हात आणि नजर यांना अशी वाट शिकवतात की एकशे एकाव्या, पुढचे काहीच न दिसणाऱ्या वळणावरही गाडी आपोआप त्याच वाटेने जाते.

वेगाचे गणित समजून घेतले तर दुसरी चूकही टळते. वळणावर टायरला जी आडवी पकड द्यावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की लागणारी पकड सव्वादोनपट होते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना गाडीच्या वजनाच्या साधारण चार दशांश इतका आडवा जोर टायरवर येतो; तेच वळण ताशी ६० किलोमीटरने घेतले तर तो जवळजवळ वजनाइतका होतो, आणि एवढी पकड कोरड्या डांबरावर चांगल्या टायरलाही सहसा देता येत नाही. शिवाय टायरची पकड एकच असते. ब्रेकसाठी तिचा जेवढा भाग खर्च होईल तेवढा वळण्यासाठी उरत नाही. म्हणून वेग आणि गिअर वळण सुरू होण्याआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावेत, वळणात ॲक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवावा, आणि पुढचा रस्ता उलगडू लागला की मगच वेग वाढवावा.

वेग किती कमी करायचा, याचे उत्तर रस्ताच देतो. पुढे पाहिल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू म्हणजे आपल्या दृष्टीचा शेवट. आपण पुढे जातो तसा तोही पुढे सरकत असेल तर वळण उघडत आहे. तो जागीच थांबून आपल्याकडे येत आहे असे वाटले तर वळण आवळत आहे आणि वेग लगेच कमी करायला हवा. त्या बिंदूच्या अलीकडे गाडी थांबवता येईल इतकाच वेग योग्य. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते; धोका ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तिथेच संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी साधारण २० मीटर लागतात. एकेरी रुंदीच्या रस्त्यावर समोरच्यालाही थांबायला जागा हवी असते, म्हणून तिथे दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यातच थांबता आले पाहिजे.

आता लेनमधल्या जागेविषयी. डाव्या वळणाकडे जाताना लेनच्या उजव्या भागात राहिले तर वळणापलीकडचे लवकर दिसते. उजव्या वळणाकडे जाताना डाव्या भागात राहिले तर तोच फायदा मिळतो. मात्र ही हालचाल किती छोटी आहे हे लक्षात घ्यावे. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये १.८ मीटर रुंदीची मोटार मधोमध चालली तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ८५ सेंटिमीटर उरतात. त्यांतले तीस-चाळीस सेंटिमीटर सरकणे पुरे. मोठी वाहने समोरून येत असतील, रस्ता अरुंद असेल किंवा येणारा वळण कापण्याची शक्यता वाटत असेल, तर डाव्या वळणावर उजवीकडे सरकण्याचा मोह सोडून आपल्या कडेला राहावे. उजव्या वळणावर डावीकडे सरकताना साइडपट्टीवरची वाळू, सुटी खडी आणि डांबराची तुटलेली कड पाहावी, कारण चाक त्या कडेवरून खाली उतरले तर घाबरून स्टिअरिंग ओढले जाते आणि गाडी थेट पलीकडच्या लेनमध्ये उडी घेते. जास्त दिसणे चांगलेच, पण सुरक्षित अंतर आणि टायरखालची पक्की जमीन यांच्या बदल्यात ते घेऊ नये.

दुचाकीस्वाराला लेनमध्ये जागा अधिक मिळते, तरी त्याचा धोका वेगळा आहे. उजव्या वळणावर दुचाकी झुकते तेव्हा चाके रेषेच्या आत असूनही डोके आणि खांदा पलीकडच्या लेनमध्ये गेलेले असू शकतात. म्हणून उजव्या वळणावर बाहेर पडण्याची वाट दिसेपर्यंत डाव्या भागातच राहावे आणि मग वळावे. लवकर आत शिरणाऱ्याला पुढे वळण आवळले की सावरायला जागा उरत नाही.

लांब वाहनांची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतून जातात. दोन आसांमध्ये ६ मीटर अंतर असलेली बस १२ मीटर त्रिज्येचे वळण घेते तेव्हा तिची मागची चाके सुमारे दीड मीटर आत येतात, म्हणून तिच्या चालकाला वळण मुद्दाम बाहेरून घ्यावे लागते. अत्यंत तीव्र वळणावर अशी बस किंवा ट्रक समोरून येताना दिसला तर वळणात शिरू नये; बरेच अलीकडे, आपल्या लेनमध्ये थांबून त्याला पूर्ण बाहेर येऊ द्यावे. त्याच्या आतल्या बाजूला मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात त्याच्या मागच्या चाकांची असते. अरुंद चढावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, कारण भरलेली गाडी चढावर थांबून पुन्हा निघणे अवघड असते.

उतारावर लेन सुटण्याचे कारण पुष्कळदा तापलेले ब्रेक असतात. उतार सुरू होतानाच खालच्या गिअरमध्ये यावे आणि इंजिनला गाडी रोखू द्यावी. न्यूट्रल कधीही करू नये.

अखंड रेषा आपल्या बाजूला असेल तर ओव्हरटेकचा विचारच करू नये. तुटक रेषा म्हणजे परवानगी असली तरी ग्वाही नव्हे. पुढच्या ट्रकच्या पाठीला चिकटून राहिल्याने फक्त ट्रक दिसतो. तीन-चार सेकंदांचे अंतर ठेवले तर त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्ता दिसतो. वळणावरचे बहिर्गोल आरसे उपयोगी आहेत, पण त्यांत वाहन असते त्यापेक्षा लहान आणि दूर दिसते. तसेच काचेच्या बाजूचा खांब वळणावर एखादी दुचाकी पूर्ण झाकू शकतो, म्हणून डोके थोडे पुढे-मागे करून पाहावे.

रात्री हेडलाइट सरळ पुढे पडतो आणि वळणाचा आतला भाग अंधारातच राहतो. समोरून येणाऱ्याच्या प्रकाशाची झळक मात्र वाहनाआधी दिसते. ती दिसताच डिपर द्यावा आणि नजर त्याच्या दिव्यांवरून काढून आपल्या डाव्या कडेवर ठेवावी, कारण नजर जिकडे खिळते तिकडेच हात गाडी नेतात. गाडी बंद पडून वळणातच थांबावे लागले तर प्रवाशांना रस्त्यापासून दूर, कठड्याच्या सुरक्षित बाजूला उभे करावे, आणि धोक्याचा त्रिकोण गाडीजवळ न ठेवता वळणाच्याही अलीकडे, मागून येणाऱ्याला वळणात शिरण्यापूर्वी दिसेल असा ठेवावा.