स्तनातील इम्प्लांटभोवती जंतुसंसर्ग झाल्यास काय करावे

स्तनात सिलिकॉनचे इम्प्लांट बसवण्यापूर्वी ज्या संमतिपत्रावर सही घेतली जाते, त्यात जंतुसंसर्गाची शक्यता एका ओळीत लिहिलेली असते. ती शक्यता प्रत्यक्षात उतरली तर घरी काय पाहायचे, रुग्णालयात काय विचारायचे आणि उपचार कोणत्या क्रमाने पुढे जातात, हे मात्र त्या कागदावर नसते. केवळ आकार वाढवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत असा संसर्ग साधारणपणे शंभरात एखाद-दुसऱ्या स्त्रीला होतो. कर्करोगामुळे स्तन काढून त्या जागी इम्प्लांट बसवले असेल तर हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, कारण तेथील त्वचा पातळ झालेली असते, तिचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि पुष्कळदा केमोथेरपी किंवा रेडिएशनही झालेले असते. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या गटातील स्त्रिया आणि त्यांच्या घरची माणसे यांच्यासाठी आहे.

उपचारांचा सारा क्रम एका गोष्टीवर ठरतो, म्हणून ती आधी समजून घ्यावी. माठ बरेच दिवस घासला नाही की त्याला आतून बुळबुळीत थर धरतो आणि नुसते पाणी बदलून तो जात नाही. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर जंतू असाच थर धरतात; त्याला बायोफिल्म म्हणतात. प्रतिजैविके रक्तातून पोचतात, पण इम्प्लांटमध्ये रक्तवाहिन्या नसतात, आणि थराच्या आत दडलेले जंतू नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. त्यामुळे आजूबाजूच्या त्वचेतील सूज औषधाने उतरते, ताप जातो, आणि गोळ्या संपल्यावर काही दिवसांनी तेच सारे पुन्हा सुरू होते. संसर्ग इम्प्लांटपर्यंत पोचण्यापूर्वी औषध सुरू होणे आणि पोचला असल्यास वेळेवर शस्त्रक्रिया होणे, या दोन्ही बाबतींत दिवसांचा नव्हे तर तासांचा हिशेब ठेवावा लागतो.

घरी काय पाहावे

तीव्र संसर्गापैकी सुमारे दोन-तृतीयांश संसर्ग शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यातच दिसतात. या काळात रोज एकदा, चांगल्या उजेडात, आरशासमोर दोन्ही बाजूंची तुलना करावी. एका बाजूची सूज उतरण्याऐवजी वाढणे, त्वचा ताणलेली व चकचकीत दिसणे, टाक्यांतून पाणी किंवा पू येणे, ड्रेनच्या (साठलेला द्रव बाहेर काढण्यासाठी ठेवलेल्या) नळीतील द्रव गढूळ होणे किंवा त्याला दुर्गंधी येणे, आणि ताप 38 अंश सेल्सिअसवर, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइटवर जाणे, यांपैकी एक गोष्ट आढळली तरी त्याच दिवशी शस्त्रवैद्यांशी बोलावे.

येथे दोन बाबतींत फसगत होते. पहिली वेदनेची. स्तन काढताना त्वचेच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या जातात, त्यामुळे आत पू झाला तरी ठणका जाणवेलच असे नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा निष्कर्ष या जागेपुरता लागू होत नाही. दुसरी रंगाची. पुस्तकात लिहिलेला लालसरपणा सावळ्या त्वचेवर स्पष्ट दिसत नाही. ती जागा किंचित काळपट, जांभळट किंवा नुसती वेगळी दिसते. म्हणून हाताची मागची बाजू आधी एका आणि मग दुसऱ्या स्तनावर ठेवून उष्णतेतला फरक पाहावा. रंग बदललेला दिसल्यास त्याच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवावी आणि मोबाइलवर फोटो काढावा. काही तासांनी रंग रेघेबाहेर गेला असेल, तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट पाहू नये.

थंडी वाजून येणे, चक्कर, नाडीचा वेग वाढणे, उलट्या, जुलाब, अंगभर उन्हाने भाजल्यासारखी लाली किंवा बोलण्यात विसंगती, ही लक्षणे असतील तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा. काही जंतूंच्या विषामुळे रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि अशा वेळी स्तनाची जागा जवळजवळ नेहमीसारखी दिसत असते, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना इम्प्लांटविषयी स्वतःहून सांगावे. केमोथेरपी चालू असताना आलेला ताप तर कोणत्याही कारणाचा असो, तातडीचाच धरावा.

आपल्याकडे सूज दिसली की शेक देण्याची आणि हळदीचा लेप लावण्याची सवय आहे. येथे दोन्ही टाळावे. बधिर त्वचेला गरम पाण्याच्या पिशवीची धग कळत नाही आणि भाजून जखम होते. ती जखम जंतूंना आत शिरायला नवी वाट करून देते. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या घेणेही तितकेच घातक आहे: त्यांनी संसर्ग मिटत नाही, पण तपासणीत जंतू सापडण्याची शक्यता मात्र कमी होते.

रुग्णालयात गेल्यावर

डॉक्टर प्रथम सोनोग्राफी करून इम्प्लांटभोवती द्रव साठला आहे का ते पाहतात. द्रव असल्यास सोनोग्राफीत दिसत असतानाच सुई घालून तो काढतात, म्हणजे इम्प्लांटला छिद्र पडत नाही. हा द्रव कल्चरसाठी, म्हणजे त्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, पाठवणे ही संपूर्ण उपचारातील सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर ती प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी व्हायला हवी. ‘कल्चर पाठवले का, आणि अहवाल केव्हा मिळेल?’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

बहुतेक वेळा सापडतात ते त्वचेवर राहणारे जंतू: स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि त्याचा सौम्य भाऊबंद स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. पहिल्याचा औषधांना न जुमानणारा प्रकार एमआरएसए या नावाने ओळखला जातो. स्यूडोमोनास, क्लेबसिएला यांसारखे जंतूही आढळतात आणि त्यांना वेगळी औषधे लागतात.

कल्चर ‘निगेटिव्ह’ आले, औषधे चालू आहेत आणि तरीही जखम आठवडे उलटूनही पाझरत राहिली, तर क्षयाच्या जंतूच्या कुळातील पण क्षय न करणाऱ्या मायकोबॅक्टेरियांचा विचार करावा लागतो. साध्या कल्चरचे अहवाल काही दिवसांत बंद होतात, म्हणून हे जंतू त्यात निसटतात. त्यांच्यासाठी एएफबी तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली अशा जंतूंचा शोध) आणि मायकोबॅक्टेरियल कल्चर स्वतंत्रपणे सांगावे लागते. भारतात याचा आणखी एक पेच आहे. क्षयरोग इतका ओळखीचा आहे की असा जंतू दिसताच क्षयाचे औषध सुरू होण्याची शक्यता असते, आणि या गटातील झपाट्याने वाढणारे प्रकार, उदाहरणार्थ मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम किंवा अॅब्सेसस, क्षयाच्या नेहमीच्या औषधांना सहसा बधत नाहीत. जंतूचा नेमका प्रकार ठरवून त्याप्रमाणे दोन-तीन औषधे एकत्र, कित्येक महिने द्यावी लागतात आणि इम्प्लांट बहुधा काढावेच लागते.

शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी एका बाजूस अचानक सूज आली तर काढलेला द्रव पेशीतपासणीसाठीही पाठवावा, कारण खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक विशिष्ट लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, होतो. याच कारणाने 2019 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या विनंतीवरून एका कंपनीने तशी इम्प्लांट जगभरातून परत मागवली होती.

उपचारांचा क्रम

त्वचेपुरताच सौम्य संसर्ग असेल, ताप नसेल आणि आत द्रव नसेल, तर तोंडावाटे प्रतिजैविक देऊन 24 ते 48 तासांत पुन्हा तपासतात. ही फेरतपासणी बरे वाटत असले तरी चुकवू नये. ताप असेल, लाली पसरत असेल किंवा गोळ्यांनी फरक पडला नसेल, तर दाखल करून शिरेवाटे औषध सुरू होते. कल्चरचा अहवाल हाती येईपर्यंत एमआरएसएसाठी व्हँकोमायसिन आणि स्यूडोमोनासच्या गटासाठी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखे दुसरे औषध, अशी जोडी बहुधा निवडली जाते. व्हँकोमायसिन सावकाश, निदान तासभर चालवावे लागते. भरभर दिल्यास चेहरा व मान लाल होऊन खाज सुटते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते आधी सांगावे.

शिरेवाटे औषध सुरू होऊनही दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, आत पू आढळला किंवा टाके उसवून इम्प्लांट दिसू लागले, तर शस्त्रक्रिया लांबवण्यात अर्थ नसतो. शस्त्रक्रियेचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात जुने इम्प्लांट काढून, त्याभोवती शरीराने तयार केलेले, संसर्ग झालेले वेष्टण खरवडून किंवा कापून, पोकळी भरपूर धुऊन, त्याच वेळी नवे इम्प्लांट बसवतात. त्वचा जाड व निरोगी असेल, जंतू सौम्य असेल आणि ताप ओसरलेला असेल, तर हा मार्ग पुष्कळ स्त्रियांत यशस्वी होतो. रेडिएशन झालेली त्वचा, अनियंत्रित मधुमेह, एमआरएसए किंवा स्यूडोमोनास असेल, तर तो फसण्याची शक्यता वाढते. तेव्हा दुसरा मार्ग घेतात: इम्प्लांट काढायचे, पोकळी स्वच्छ करून ड्रेन ठेवून बंद करायची आणि स्तनाची पुनर्रचना, म्हणजे स्तन पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया, साधारण तीन ते सहा महिन्यांनी करायची.

इम्प्लांट काढण्याचा सल्ला मिळाला की अनेक घरांत तो पराभव समजून दुसरे, तिसरे मत घेण्यात आठवडा जातो. दुसरे मत जरूर घ्यावे, पण ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. केमोथेरपी बाकी असेल तर कर्करोगतज्ज्ञांना या चर्चेत बसवावे, कारण जखम कोरडी झाल्याशिवाय पुढचा डोस देता येत नाही, आणि तो वेळेवर मिळणे हे स्तनाच्या आकारापेक्षा महत्त्वाचे आहे. जुने इम्प्लांट निर्जंतुक करून पुन्हा बसवा, अशी मागणी खर्चाच्या विचाराने काही नातेवाईक करतात. ती समजण्यासारखी असली तरी तसे करू नये.

प्रत्येक लाली म्हणजे संसर्ग नव्हे, हेही खरे. पुनर्रचनेत इम्प्लांटला आधार म्हणून प्रक्रिया केलेल्या त्वचेचा तुकडा लावला असेल, तर बरोबर तेवढ्याच भागावर ताप नसलेली, न पसरणारी लाली येते आणि काही आठवड्यांत जाते. मात्र हा निर्णय घरी बसून घेण्याजोगा नाही.

पुन्हा इम्प्लांट बसवण्यापूर्वी

मधल्या महिन्यांत साखर आटोक्यात आणावी. तंबाखू कोणत्याही रूपात असो, बंद करावी. मशेरीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण सिगारेट ओढता का, असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला मशेरीविषयी कोणी विचारतच नाही, आणि निकोटिन तीतूनही रक्तवाहिन्या आकुंचित करते. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे ती थांबलेली असावी. रेडिएशन झालेल्या त्वचेसाठी पोटाचा किंवा पाठीचा स्वतःचा मांसल भाग वापरून केलेली पुनर्रचना अधिक सुरक्षित ठरू शकते. तो पर्याय आपल्याला लागू आहे का, हे विचारावे. डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा अहवाल आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर एका फाइलमध्ये जपून ठेवावे, कारण पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कोणते प्रतिजैविक द्यायचे हे त्या जुन्या कल्चरवरून ठरते.