कम्फर्ट-स्पोर्टच्या बटणाला भुलताय? या चुका टाळा

बटण दाबलं की गाडी मऊ, परत दाबलं की कडक. शोरूममध्ये ऐकायला झकास वाटतं. घर-ऑफिसच्या रोजच्या फेऱ्यांत त्याचा उपयोग किती? माझ्या मते बटणाचा थोडा, त्यामागच्या यंत्रणेचा बराच. अर्थात, ती यंत्रणा गाडीत खरोखर असेल तर.

पहिली गफलत इथेच होते. पडद्यावर ‘स्पोर्ट’ दिसलं म्हणजे सस्पेन्शनही, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणारी यंत्रणाही बदलली, असं नसतं. बहुतेक गाड्यांत त्या मोडने अ‍ॅक्सिलरेटर, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचा जडपणा तेवढा बदलतो. स्प्रिंगचं उसळणं आवरणारे शॉकअप आहेत तसेच राहतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मधले धक्क्याप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉकअपसुद्धा निव्वळ यांत्रिक आहेत, बटणाशी त्यांचं देणंघेणं नाही. स्कोडाच्या २०२२ च्या कोडियाकमधलं डीसीसी (डायनॅमिक चॅसी कंट्रोल) वेगळं. तिथे शॉकअपमधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह तेलाची वाट अरुंद-रुंद करतो, आणि मोड एकच ठेवला तरी रस्त्याप्रमाणे हे काम सतत चालूच असतं. पैसे मोजायचे ते यासाठी.

गाडी भरली की स्पोर्ट लावणारेही भेटतात. वजन पेलते स्प्रिंग, शॉकअप नाही. पाच माणसं आणि डिकीभर सामानाने मागची बाजू बसली असेल तर बटणाने ती उचलली जाणार नाही. डोलणं कमी होईल, पण गतिरोधकाला पोट घासायचं ते घासेलच.

कम्फर्ट कायम लावून ठेवणंही बरं नाही. शहरातल्या खड्ड्यांत तो ठीक. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगात लांब उंचसखल भाग आला की गाडी हेलकावत राहते आणि मागच्या सीटवरच्यांना मळमळतं. तिथे नॉर्मल लावा. ‘इंडिव्हिज्युअल’ मोड असेल तर सोन्याहून पिवळं: इंजिन स्पोर्टवर, शॉकअप कम्फर्टवर.

आता सगळ्यात स्वस्त इलाज, आणि सगळ्यात दुर्लक्षित. गाडी धाडधाड आपटते म्हणून मोड बदलत बसण्याआधी टायरमधली हवा तपासा. पंपावरचा मुलगा “पस्तीस?” विचारतो, आपण मान डोलावतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुधा स्टिकर असतो. कमी माणसं आणि पूर्ण लोड यांचे आकडे त्यावर वेगळे असू शकतात. टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा भरा. १९ इंची चाकांच्या बुटक्या कडांच्या टायरला खड्ड्याची धार जाणवतेच, ती कुठलाही शॉकअप पूर्ण लपवू शकत नाही. मोठी चाकं आणि हे विजेवर बदलणारे शॉकअप एकाच महागड्या मॉडेलमध्ये मिळत असतील, तर लहान चाकांचं साधं मॉडेल आधी चालवून बघा.

खटखट आवाज आला की लगेच शॉकअपवर खापर फोडू नका. सस्पेन्शनचे जोड, म्हणजे लिंक रॉड आणि रबरी बुश, आधी बघायला सांगा. शॉकअपच्या अंगावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर मात्र गळती समजा.

असे विजेवर बदलणारे शॉकअप असलेली सेकंड हँड गाडी घेताना एकाच खराब पट्ट्यावरून, त्याच वेगात, दोन्ही मोडमध्ये फिरा. काहीच फरक जाणवला नाही तर गाडी लिफ्टवर घेऊन चारही शॉकअपना वायरचा कनेक्टर जोडलेला आहे का ते बघा, कारण खर्च वाचवायला आधीच्या मालकाने साधे शॉकअप टाकलेले असू शकतात. हे शॉकअप साध्यांपेक्षा बरेच महाग पडतात. वॉरंटी संपलेली असेल तर चारही बदलण्याचं कोटेशन आधी मागवा आणि तो आकडा समोर ठेवूनच भाव करा.